ठोसा त्याचा, हिशेब कोणाचा?

एखादा जगज्जेता पडला की त्याच्या पडण्याची चर्चा त्याच्या जिंकण्यापेक्षा जास्त दिवस चालते. त्याने पैसा उडवला का, त्याला नको ती संगत लागली का, वेळेवर थांबायला काय झाले होते, असे प्रश्न मग ज्याच्या त्याच्या तोंडी असतात. अमेरिकेचा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा ज्यो लुई याच्या वाट्याला हेच आले. १९३७ ते १९४९ अशी पावणेबारा वर्षे तो हेवीवेट गटाचा जगज्जेता होता. या काळात २५ वेळा त्याने आपले पद राखले. इतकी वर्षे सलग हे पद त्या गटात आजवर दुसऱ्या कोणाकडे राहिलेले नाही. आणि हाच माणूस उतारवयात लास व्हेगासच्या एका जुगारघराच्या दारात पाहुण्यांशी हस्तांदोलन करण्याच्या नोकरीवर होता. १२ एप्रिल १९८१ रोजी वयाच्या ६६ व्या वर्षी तो वारला, तेव्हा आयकर खात्याचे देणे त्याने पुरते फेडलेले नव्हते.

आमच्या वस्तीतल्या वाचनालयात रविवारी संध्याकाळी जी मंडळी बसतात, त्यांच्यात या माणसावरून चांगलाच वाद रंगला. अभ्यासिकेच्या भिंतीवर खेळाडूंची चित्रे लावायची ठरली होती. महंमद अलीच्या चित्राला कोणाचाच विरोध नव्हता. १९७२ साली आपल्या तरुणांनी अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतले, तेव्हापासून तिकडचे काळे लोक आपल्याला परके वाटत नाहीत. अली तर घरातलाच. आम्ही स्वतः १९९६ साली, शाळा संपायच्या वयात, अटलांटा ऑलिंपिकची ज्योत थरथरत्या हातांनी पेटवणारा अली शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिला आहे. पण त्या दिवशी आम्ही अलीच्या शेजारी ज्यो लुईचेही चित्र असावे असे सुचवले, आणि मंडळी तुटून पडली.

तरुण पोरे म्हणाली, "साहेब, तो सरकारचा माणूस. व्हिएतनामच्या लढाईला अली नाही म्हणाला, हा हिटलरच्या वेळी हसत हसत फौजेत गेला. खुद्द अलीने त्याला अंकल टॉम म्हटलंय." गोऱ्यांपुढे वाकून राहणाऱ्या काळ्याला तिकडे अंकल टॉम म्हणतात. वडीलधारी मंडळी म्हणाली, "ज्याला स्वतःचा पैसा सांभाळता आला नाही, त्याचं चित्र पोरांपुढे कशाला?" सगळ्यांत शेवटी, अंगणवाडीत मदतनीस असलेल्या एक ताई होत्या, त्यांनी साधा प्रश्न विचारला. "एवढं कमावलं म्हणता, मग ते गेलं कुठं? कुणी खाल्लं?"

आम्हाला हा तिसरा प्रश्न सगळ्यांत मोलाचा वाटला. आम्ही कारकून माणूस. बी.कॉम. झाल्यापासून बिले तपासणे आणि रकाने जुळवणे यातच आमची वर्षे गेली. कोणाचेही चरित्र वाचताना आमची नजर आधी जमाखर्चाकडे जाते. तेव्हा पोरांना आणि वडीलधाऱ्यांना उत्तर देऊच. पण ताईंच्या प्रश्नाचे उत्तर दिल्याशिवाय ज्यो लुईच्या पडत्या काळाबद्दल कोणी निकाल देऊ नये, असे आमचे म्हणणे आहे.

प्रथम जमेची बाजू पाहू. ज्यो लुई बॅरो याचा जन्म १३ मे १९१४ रोजी अलाबामा राज्यातल्या एका कापूस पिकवणाऱ्या खेड्याजवळ झाला. घर वाटेकऱ्याचे, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसायची आणि पिकाचा वाटा मालकाला द्यायचा. बाप वेड्यांच्या इस्पितळात गेला. आईने पोरे वाढवली. १९२६ साली हे कुटुंब उत्तरेकडे डेट्रॉइटला आले. आईने पोराला व्हायोलिन शिकायला पैसे दिले आणि पोराने ते मुष्टियुद्धाच्या व्यायामशाळेत भरले, ही गोष्ट तिकडे घरोघरी सांगितली जाते. मोटारीच्या कारखान्यात कष्टाची कामे करून तो संध्याकाळी सराव करी. ४ जुलै १९३४ रोजी त्याने पहिली व्यावसायिक लढत पहिल्याच फेरीत जिंकली. त्याची बिदागी होती ५९ डॉलर.

त्याच्या आधी जॅक जॉन्सन हा काळा माणूस १९०८ साली हेवीवेट जगज्जेता झाला होता. तो कोणापुढे मान लववणारा नव्हता. गोऱ्या प्रतिस्पर्ध्याला हरवताना तो त्याच्याकडे पाहून हसे आणि त्याने गोऱ्या बायकांशी लग्ने केली. १९१३ साली त्याला खटल्यात गुंतवून शिक्षा सुनावण्यात आली आणि त्याला देश सोडावा लागला. त्या शिक्षेची माफी सरकारने दिली ती २०१८ साली, तो मेल्यावर सात दशकांनी. १९१५ साली जॉन्सन हरला आणि पुढची २२ वर्षे एकाही काळ्याला त्या पदासाठी लढायची संधी मिळाली नाही. रिंगणाचे दार बाहेरून कडी लावून बंद केले होते.

ते दार उघडायचे तर लुईला दुसऱ्या वाटेने जावे लागणार होते. त्याचे व्यवस्थापक, जॉन रॉक्सबरो आणि ज्युलियन ब्लॅक, दोघेही काळेच. त्यांनी त्याला नियम घालून दिले. पडलेल्या प्रतिस्पर्ध्याकडे पाहून हसायचे नाही. गोऱ्या बाईबरोबर छायाचित्र काढू द्यायचे नाही. खेळात लबाडी करायची नाही, राहणी स्वच्छ ठेवायची. वाचकहो, आपल्या मागच्या पिढीत जो पहिला माणूस कचेरीतल्या खुर्चीवर बसला, त्याला हे नियम कोणी लिहून द्यावे लागले नाहीत. इस्त्रीचा सदरा, खालचा आवाज, कामात एक चूक नाही, कारण एकाची चूक साऱ्या समाजाच्या नावावर लिहिली जाणार हे त्याला ठाऊक होते. त्या माणसाला आज आपण भित्रा म्हणावे काय?

१९३६ साली जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने लुईला बाराव्या फेरीत पाडले. हिटलरच्या लोकांनी हा गोऱ्या वंशाचा विजय म्हणून मिरवला. पुढच्या वर्षी, २२ जून १९३७ रोजी, शिकागोत जेम्स ब्रॅडॉकला हरवून लुई जगज्जेता झाला. पण श्मेलिंगचे देणे चुकते करेपर्यंत त्याला ते पद आपले वाटत नव्हते. बरोबर एक वर्षाने, २२ जून १९३८ रोजी, न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर सुमारे ७० हजार लोकांसमोर ती लढत झाली आणि २ मिनिटे ४ सेकंदांत संपली. न्यूयॉर्कचा हार्लेम हा काळ्यांचा भाग. बाबासाहेब १९१३ साली ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, ते या हार्लेमला लागूनच आहे. त्या रात्री हार्लेमचे रस्ते माणसांनी भरून गेले.

पण त्या रात्रीची आम्हाला आवडणारी हकीकत न्यूयॉर्कची नाही, जॉर्जिया राज्यातल्या एका खेड्यातली आहे. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जिमी कार्टर तेव्हा तेरा वर्षांचे होते. त्यांनी ती सांगून ठेवली आहे. त्यांच्या वडिलांच्या शेतावर राबणारे काळे मजूर लढत ऐकायची परवानगी मागायला आले. वडिलांनी रेडिओ खिडकीत ठेवला आणि मजूर बाहेर अंगणात उभे राहून ऐकू लागले. गोरा श्मेलिंग पडला. मजुरांनी तोंडातून अवाक्षर काढले नाही. मालकाचे आभार मानले, रस्ता आणि रेल्वेचे रूळ ओलांडले, आपल्या झोपडीत गेले, दार लावून घेतले आणि मग आतून जो जल्लोष उठला तो रात्रभर चालला. मालकाच्या अंगणात गप्प राहणे आणि आपल्या घरात नाचणे म्हणजे काय, हे आपल्या आजे-पणज्यांना विचारा. ज्यो लुईच्या जमेच्या बाजूला आम्ही हा जल्लोष पहिल्या ओळीत लिहितो.

आता पोरांचा आरोप. ९ जानेवारी १९४२ रोजी लुई बडी बेअरशी लढला आणि आपली बिदागी, सुमारे ४७ हजार डॉलर, नौदलाच्या मदतनिधीला देऊन मोकळा झाला. त्याच महिन्यात तो साधा शिपाई म्हणून सैन्यात भरती झाला. त्या लढतीनंतर आठ दिवसांनी लुईव्हिल गावी एक मूल जन्मले. त्याचे नाव कॅशियस क्ले, म्हणजेच पुढचा महंमद अली. दोघांमध्ये एवढे अंतर आहे. अलीने १९६७ साली सैन्यभरती नाकारली, तेव्हा त्याच्यामागे नागरी हक्कांच्या चळवळीची दहा-बारा वर्षे उभी होती. तरीही त्याचे पद काढून घेतले गेले, साडेतीन वर्षे त्याला लढू दिले नाही, आणि १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. त्याच्या धैर्याला आमचा सलामच आहे. पण १९४२ साली लुईमागे कोण उभे होते?

आणि तो फौजेत गप्प बसला असेही नाही. काळ्या-गोऱ्यांच्या पलटणी तेव्हा वेगळ्या होत्या. कॅन्सासच्या फोर्ट रायली छावणीत काळ्या सैनिकांना अधिकारीपदाच्या शिक्षणाला घेत नव्हते. लुईने वॉशिंग्टनमध्ये ओळख असलेल्या एका काळ्या वकिलाकडे, ट्रूमन गिब्सनकडे, शब्द टाकला आणि ते दार उघडले. त्या दारातून आत गेलेल्यांत जॅकी रॉबिन्सन होता. हाच रॉबिन्सन १९४७ साली बेसबॉलच्या मोठ्या साखळीत वर्णभेदाची भिंत ओलांडणारा खेळाडू ठरला. १९४४ साली अलाबामातल्या एका छावणीत गोऱ्यांसाठी राखलेल्या जागेवरून उठायला नकार दिला म्हणून लष्करी पोलिसांनी लुईला आणि त्याचा मित्र शुगर रे रॉबिन्सन याला धरले होते. १९५२ साली सॅन दिएगोच्या गोल्फ स्पर्धेत काळ्यांना मज्जाव होता, तेथेही लुईने वर्तमानपत्रांतून आवाज उठवला आणि अखेर तो खेळला. गोल्फ संघटनेच्या घटनेतले 'फक्त गोऱ्यांसाठी' हे कलम १९६१ साली गेले. हे सर्व त्याने अलीसारखे घोषणा देऊन केले नाही. पुढे अलीही लुईबद्दल आदराने बोलू लागला. अलीने जे परत घेतले ते आपल्या पोरांनी उचलून धरायचे कारण नाही.

येथवर जमा झाली. आता खर्चाचे पान उलटू.

मुष्टियुद्धाच्या साऱ्या कारकिर्दीत लुईच्या नावावर ४६ लाख डॉलरहून अधिक बिदागी जमली. प्रत्यक्ष त्याच्या हाती पडले सुमारे ८ लाख. म्हणजे शेकडा साडेसतरासुद्धा नाही. बाकीचे व्यवस्थापक, आयोजक आणि दलाल यांच्या वाट्याला गेले. ब्रॅडॉककडून पद जिंकण्याची संधी मिळावी म्हणून जो करार झाला, त्यात हरणाऱ्या ब्रॅडॉकला लुईच्या पुढच्या लढतींच्या नफ्यातून दहा वर्षे दहा टक्के देण्याचे आयोजक माईक जेकब्सने कबूल केले होते. लुईला पुढे करून मांडलेल्या धंद्यावर त्याच्या आधी इतरांचा हक्क लिहिला गेला होता.

जेकब्स त्याला पैसे आगाऊ देत असे. आपल्याकडे याला उचल म्हणतात. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला मुकादम उचल देतो आणि हंगाम संपला तरी ती फिटत नाही, तोच हा प्रकार. लुईला आईसाठी घर हवे, उचल. भावंडांना गाडी हवी, शिक्षण हवे, उचल. लुई फौजेत गेला तेव्हा लढती थांबल्या, खर्च थांबले नाहीत. युद्ध संपून तो बाहेर पडला तेव्हा जेकब्सने अडीच लाख डॉलरचे येणे दाखवले आणि आयकराची बाकी एक लाखाच्या वर असल्याचा अंदाज होता.

१९४६ साली बिली कॉनशी त्याची दुसरी लढत झाली. लुईच्या वाट्याला सुमारे ६ लाख डॉलर आले. त्यातून व्यवस्थापकांनी सुमारे १ लाख ४० हजार घेतले, पूर्वपत्नीला ६६ हजार गेले, न्यूयॉर्क राज्याने ३० हजार घेतले. उरले ३ लाख ६४ हजार. त्यावर केंद्राचा आयकर आणि जेकब्सचे येणे अजून बाकीच. इतके वजाबाकीचे आकडे एखाद्या पगारपत्रकावर पाहिले की आमच्यासारख्या कारकुनाच्या पोटात गोळा येतो.

आणि आता सर्वांत कडू नोंद. बडी बेअरशी झालेल्या लढतीची बिदागी त्याने नौदलाच्या मदतनिधीला दिली. मार्च १९४२ मध्ये एब सायमनला हरवून मिळालेली रक्कम भूदलाच्या मदतनिधीला दिली. या पैशाला त्याचा हात लागला नव्हता. पण आयकर खात्याने ते त्याचे उत्पन्न धरले. आधी कमावलेस, मग दिलेस, तेव्हा कर भर, असा तो न्याय. ज्या देशाला त्याने पैसा दिला, त्याच देशाने दिलेल्या पैशावर कर मागितला. मे १९५० मध्ये खात्याने जुन्या वर्षांची सारी तपासणी पुरी करून व्याज आणि दंडासह ५ लाख डॉलरहून अधिक बाकी काढली.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. त्या काळी अमेरिकेत उत्पन्नाच्या वरच्या टप्प्यावर शेकडा नव्वदच्या आसपास कर होता. म्हणजे जुनी बाकी फेडायला त्याने नवे शंभर कमावले, की त्यातले बरेचसे नव्या करात जाणार. उरलेल्यातून जुने फेडायचे. तोवर जुन्यावर व्याज चढलेलेच. अशा विहिरीतून कोण वर येईल? 'वेळेवर थांबायला काय झाले होते' असे विचारणाऱ्यांनी हे गणित मांडून पाहावे. तो १९४९ साली थांबलाच होता. त्याला कर्जाने पुन्हा रिंगणात ओढले.

सप्टेंबर १९५० मध्ये, ३६ व्या वर्षी, तो एझर्ड चार्ल्सशी पंधरा फेऱ्या लढून हरला. २६ ऑक्टोबर १९५१ रोजी रॉकी मार्सियानोने त्याला आठव्या फेरीत दोरांतून बाहेर फेकले. मार्सियानो लहानपणापासून लुईचा भक्त. जिंकल्यावर तो रडला असे सांगतात. १९५३ साली लुईची आई वारली. तिने मुलाच्या नावे ६६७ डॉलर ठेवले होते. खात्याने तेही उचलले. १९५६ साली तो कुस्तीच्या तमाशात उतरला, जेथे निकाल आधीच ठरलेला असतो, आणि तेथे छातीला मार लागून तोही मार्ग बंद झाला. देणे १० लाखांवर गेले. १९६० नंतर त्याची वकील असलेली पत्नी मार्था आणि इतरांच्या प्रयत्नाने खात्याने चालू उत्पन्नाच्या मानाने वसुली करायचे मान्य केले. म्हणजे माफी नाही, नुसता गळफास सैल केला.

त्याचे काहीच चुकले नाही असे आम्ही म्हणत नाही. त्याने उपाहारगृह काढले, दुधाची कंपनी काढली, सरबत काढले, केसांचे मलम काढले, घोड्यांचे शेत केले. एकही धंदा टिकला नाही. संसारात तो निष्ठेने राहिला नाही. गोल्फवर पैजा लावून त्याने पैसा घालवला. पुढे अमली पदार्थ आले, मनाचा आजार आला, १९७० साली त्याला मनोरुग्णांच्या इस्पितळात राहावे लागले. वडीलधाऱ्यांचे म्हणणे या मर्यादेत खरे आहे. पण त्याच माणसाने पैसा हाती आल्याबरोबर डेट्रॉइट शहराला आपल्या कुटुंबाने हलाखीत घेतलेली सरकारी मदत परत केली होती. परत मागायला कोणी आले नव्हते. ज्याला देणे कळत नाही तो असे करीत नाही.

राहिला तो जुगारघराच्या दाराचा प्रश्न. वादात एका पोराने "शेवटी दरवान झाला" असे म्हटले, तेव्हा आम्हाला आमचे वडील आठवले. आबा खेड्यातून आलेल्या आमच्या भावकीतले पहिले पगारदार. चतुर्थ श्रेणीतली नोकरी, दहा बाय बाराची खोली. त्या खोलीत शिकायला आलेली पुतणे-भाचे मंडळी आम्ही कधी मोजली नाहीत. कोणाची फी, कोणाचे बाळंतपण, कोणाचे लग्न. आणि पतपेढीच्या कर्जाला जामीन राहायला कोणी आले की आबा सही करून मोकळे. निवृत्त झाले तेव्हा जामीनकीच्या वसुलीपोटी हाती आलेल्या रकमेला मोठी कात्री लागली. साठाव्या वर्षी त्यांनी एका इमारतीच्या फाटकावर रखवालदाराची नोकरी धरली. आत येणाऱ्या गाडीला सलाम ठोकायचा. आमच्याच घरात राहून शिकलेले एक नातेवाईक एकदा घरी येऊन म्हणाले, "काका, ही नोकरी सोडा. आमची मान खाली जाते." आबा म्हणाले, "बरं." दुसऱ्या दिवशी आठ वाजता ते पुन्हा फाटकावर होते. नातेवाइकांनी मान खाली जाते एवढे सांगितले होते. बाकी काही दिले नव्हते.

म्हणून कोणी दारात उभा राहिला, याने आमच्या मनातून तो उतरत नाही. दारात उभ्या असलेल्या माणसाने आधी कोणाकोणाला आत बसवले, हे आम्ही विचारतो.

आणि लुईच्या पडत्या काळात धावून कोण आले? ज्याला त्याने दोन मिनिटांत झोपवले होते, तो श्मेलिंग. तो नाझी पक्षात कधी गेला नव्हता. नोव्हेंबर १९३८ च्या ज्यूविरोधी दंगलीत त्याने दोन ज्यू मुलांना आपल्या खोलीत लपवले होते. युद्धानंतर तो शीतपेयाच्या धंद्यात सावरला, लुईला भेटत राहिला, त्याला पैशाची मदत करीत राहिला, आणि त्याच्या अंत्यविधीच्या खर्चालाही त्याने हात लावला. लुईचे दफन राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या खास परवानगीने आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय सैनिकी दफनभूमीत झाले. १९८६ साली डेट्रॉइटमध्ये त्याच्या स्मरणार्थ चोवीस फूट लांबीची मूठ बसवण्यात आली. मूठ ब्राँझची आहे. जिवंतपणी त्याची मूठ रिकामी झाली, तेव्हा ती भरायला ना सरकार आले, ना त्याच्या नावावर मोठे झालेले.

अलीचेही अखेरचे दिवस काही वेगळे गेले नाहीत. ज्या सीझर्स पॅलेसच्या दारात लुई उभा राहत असे, त्याच हॉटेलच्या आवारात २ ऑक्टोबर १९८० रोजी लॅरी होम्सने अलीला दहा फेऱ्या झोडपले. पुढच्या वर्षी तो ट्रेव्हर बर्बिककडूनही हरला. १९८४ साली त्याला पार्किन्सनचा आजार असल्याचे निदान झाले आणि ३ जून २०१६ रोजी तो वारला. एक सरकारचे ऐकून गेला, एक सरकारला नाही म्हणून गेला. जुने झालेले शरीर दोघांनाही पुन्हा रिंगणात न्यावे लागले, आणि पाहणाऱ्यांनी दोन्ही वेळा तिकिटे काढली.

तेव्हा बंधूभगिनींनो, आमचे म्हणणे एवढेच की पडलेल्या माणसाचा न्याय त्याच्या शेवटच्या पानावरून करू नका. सगळी वही वाचा. आणि वही वाचायची सवय घरापासून लावा. आपल्या प्रत्येक कुटुंबात, भावकीत एक ज्यो लुई असतो. तो पहिला कमावता असतो, त्याला नाही म्हणता येत नाही, आणि आपण सारे त्याच्या ठोशावर जगतो. त्याच्या पगाराच्या चिठ्ठीवर कपाती किती आहेत हे त्याच्या बायकोला तरी माहीत आहे काय? त्याने कोणकोणाच्या कर्जाला जामीनकी लिहून दिली आहे, त्याचे कागद कोठे आहेत? भविष्य निर्वाह निधीवर वारसाचे नाव लावले आहे काय? ज्याच्या फीचे पैसे त्याने भरले, त्याने नोकरी लागल्यावर महिन्याला थोडे तरी परत द्यायला सुरुवात केली काय?

अभ्यासिकेच्या भिंतीवर आता दोघांची चित्रे शेजारी शेजारी आहेत. ज्यो लुईच्या चित्राखाली पोरांनी तारखा आणि जिंकलेल्या लढती लिहिल्या. ताईंच्या सांगण्यावरून आम्ही तेथे आणखी एक ओळ लिहिली: "जमले ४६ लाख, हाती आले ८ लाख." आणि ज्या वाचकांना आपले कागद समजत नसतील त्यांनी रविवारी संध्याकाळी वाचनालयात यावे. पगारपत्रक, पतपेढीचे पासबुक आणि जामीनकीची नक्कल असेल तर ती बरोबर आणावी. आम्ही तेथे असतो.